बेथोव्हनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो: चित्रफितींवर बारांच्या खुणा, नोंद तिसरी

तिन्ही भागांची बारमोजणी (बार म्हणजे स्वरलिपीतला तालाचा एक खण) झाली: ३७०, ७२ आणि ६००. खुणा मात्र मोजक्याच ठेवल्या आहेत. पहिल्या भागात पाच: बार १ (पियानो एकटा), ६ (ऑर्केस्ट्रा एकदम बी मेजर या स्केलमध्ये शिरतो), ७४ (पियानो परततो), २५३ (सुरुवातीचीच धून, पण आता फोर्टिसिमो, म्हणजे खूप जोरात) आणि ३४६ (कॅडेन्झा, म्हणजे पियानोचा एकट्याचा लांब तुकडा). एवढ्यावर पियानोवादक झिमरमान आणि संचालक बर्नस्टाइन यांचं व्हिएन्नातलं १९८९ चं चित्रण आणि बारेनबॉइम यांनी २००७ मध्ये जर्मनीतल्या बोखुमला पियानोवर बसूनच ऑर्केस्ट्रा सांभाळलेलं चित्रण शेजारीशेजारी लावता येतं.

टीव्हीवरून उतरवलेल्या प्रती असतील तर खुणा घालण्याआधी सूर तपासा. पहिला जी मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) ट्यूनरला, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राला दाखवा. १०-१२ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढा निघाला तर बिघडलं काही नाही. व्हिएन्नात ए हा स्वर मुळातच नेहमीच्या ४४० ऐवजी ४४३ हर्ट्झच्या आसपास लावतात. ७० सेंट चढा असेल तर सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म २५ ने पळवलेली आहे. अशा वेळी नुसता सूर उतरवू नका, लय चुकीचीच राहील. सेकंदाला ४८००० नमुन्यांचा ऑडिओ ४६०८० चा समजून वाचायचा, मग पुन्हा ४८००० करायचा, आणि चित्र २४ वर आणायचं. ३३ मिनिटं ३६ सेकंदांची फाइल बरोबर ३५ मिनिटांची होते. खुणा आधी घातल्या असतील तर सगळ्या सरकतात.

आवाज आणि बोटं जुळवायला बार १ निरुपयोगी: कॉर्ड हळुवार आहे, पट्ट्या सावकाश दबतात, आघाताचा क्षणच सापडत नाही. शेवटच्या भागातला टिंपनीचा (मोठ्या नगाऱ्यांचा) ठोका मोह पाडतो, पण टिंपनी मुख्य माइकपासून दहा मीटर मागे असेल तर तिचा आवाज ३० मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे जवळजवळ एक फ्रेम. बार २५३ घ्या. दोन्ही हात जोरात पडतात. मग शेवटच्या भागात असाच एखादा ठळक कॉर्ड तपासा. फरक तेवढाच राहिला तर ऑडिओ सरकवून भागतं. वाढत गेला तर वेगच चुकलाय. सेकंदाला ३० आणि २९.९७ फ्रेम यांची गल्लत झाली की शेवटापर्यंत दोन सेकंदांची तफावत पडते. आधी ध्वनिमुद्रण आणि मग त्यावर अभिनय, अशा पद्धतीच्या फिल्मवर हा उपाय चालत नाही. तिथे प्रत्येक शॉटचा फरक वेगळा असतो.

इंटरलेस्ड प्रत (जिची प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांत विभागलेली असते) बीडब्ल्यूडिफ या फिल्टरने सेकंदाला २५ नव्हे, ५० फ्रेममध्ये काढा. ट्रिलमध्ये (शेजारच्या दोन स्वरांच्या झपाट्याच्या आलटापालटीत) सेकंदाला दहा-बारा स्वर असतात; २५ फ्रेममध्ये एका स्वराला जेमतेम दोन चित्रं मिळतात आणि बोटं पुसट होतात. डीनॉइज (चित्रातला खरखरीतपणा पुसणारा फिल्टर) बंदच ठेवा.

याचं चीज दुसऱ्या भागात होतं. तंतुवाद्यं कठोर आवाजात बोलतात आणि पियानो ऊना कोर्दावर (इटालियनमध्ये ‘एक तार’, म्हणजे डावं पेडल दाबून) हलकेच उत्तर देतो. डावं पेडल दाबलं की ग्रँड पियानोच्या पट्ट्यांची अख्खी रांग किंचित उजवीकडे सरकते. कॅमेरा डावीकडच्या टोकाशी असला तर शेवटची पट्टी आणि लाकूड यांच्यात बारीक काळी फट उघडलेली दिसते. लांब ट्रिलवर बेथोव्हनने आधी दोन, मग तीन तारा, म्हणजे पेडल सोडत जा, असं लिहिलंय. ती फट नेमकी कधी मिटते, एकदम की हळूहळू, ही खूण दोन्ही चित्रणांत घालायची बाकी आहे.