सातवी जोडी

तो मुलगा दुसऱ्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या दोन्ही तळहातांना बँडेज होतं, हनुवटीला टाके होते आणि त्याचा इलेक्ट्रिक स्केटबोर्ड आजींनी काखेत धरला होता. मी काही बोलायच्या आत आजींनी विचारलं, "तुम्ही नीट करून दिला होतात ना?" आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याला महिना होऊन गेला, तरी तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

इंदूरला रामबागेत आमचं बॅटरीचं दुकान आहे. बाबांच्या वेळी इन्व्हर्टर आणि स्कूटरच्या बॅटऱ्या असायच्या, आता पोट ई-रिक्षांवर चालतं. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, त्यातल्या एकीचं पाणी आटलेलं, टर्मिनल गंजलेलं, आणि दिवसाची कमाई बुडतेय म्हणून रिक्षावाला दारातच उभा. लिथियम बॅटऱ्यांचं काम मी स्वतः शिकून घेतलं. सायकली, स्कूटर, ड्रिलमशीन सगळं उघडलंय, पण इलेक्ट्रिक स्केटबोर्ड, म्हणजे हातातल्या रिमोटने चालवायची मोटरवाली चाकांची फळी, टेबलावर पहिल्यांदाच आला. मुलाच्या मामाने परदेशातून आणून दिलेला.

पहिल्या वेळची तक्रार साधी होती. "ताई, फुल चार्जच होत नाही. चार्जर हिरवा होतो, पण रिमोटवर ऐंशी टक्केच दिसतात. आधी चौदा किलोमीटर जायचा, आता जेमतेम सात जातो आणि बंद पडतो." जेल रोडच्या एका दुकानात त्याला सांगितलं होतं की मधला बीएमएस काढून टाक, चार्जर थेट जोड, भरेल. पोराने ऐकलं नाही म्हणून वाचला. बीएमएस म्हणजे पॅकमधलं राखणदार सर्किट. एखादी सेल मर्यादेबाहेर भरायला लागली की ते चार्जिंग तोडतं, आणि एखादी फार रिकामी झाली की बॅटरीच तोडतं. ते काढायचा सल्ला देणाऱ्याला लिथियम पेटताना कसं दिसतं ते कुणीतरी दाखवायला हवं. माझ्या टेबलाखाली वाळूची बादली आहे, ती शोभेला ठेवलेली नाही.

त्या पॅकमध्ये १८६५० मापाच्या वीस सेल होत्या, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीच्या आणि ६५ मिलिमीटर लांबीच्या. दोन-दोन सेलची एक जोडी, अशा दहा जोड्या एकामागे एक. पूर्ण भरल्यावर प्रत्येक जोडी ४.२ व्होल्ट आणि सगळा पॅक ४२. माझ्या मीटरवर आले ४०.४. चार्जर तपासला, तो बरोबर ४२ देत होता. मग अकरा बारीक तारांच्या कनेक्टरवर एकेक जोडी मोजली. नऊ जोड्या ४.०२ च्या आसपास आणि सातवी ४.२१.

सातवी आधी भरत होती. चार्जिंग चालू असताना ती ४.२५ ला पोचली की बीएमएस करंट तोडायचा. करंट थांबला की चार्जर हिरवा होतो, बॅटरी भरलेली असो वा नसो. आमच्या गिऱ्हाइकांतल्या दहांपैकी नऊ जणांना हे माहीत नसतं, हिरवा म्हणजे भरली असंच ते धरून चालतात. बीएमएस जास्त भरलेल्या जोडीतून थोडा थोडा करंट उतरवून सगळ्यांना एका पातळीवर आणतो खरा, पण अशा स्वस्त सर्किटमध्ये तो करंट जेमतेम ५० मिलिअँपिअर असतो. फरक साधारण एक अँपिअर-अवरचा होता, म्हणजे एक अँपिअर करंट तासभर वाहील एवढा, आणि या वेगाने त्याला वीस तास लागले असते. मी दोन सुटे चार्जर लावून नऊ जोड्या हाताने भरत बसले. सगळी दुपार गेली. संध्याकाळी सगळ्या जोड्या ४.२ वर, पॅक ४२, रिमोटवर शंभर टक्के. बोर्ड हातात देताना मी म्हणाले, "घे, आता बिनधास्त चालव."

इथेच चुकलं. मुलाने मला दोन आकडे दिले होते, ऐंशी टक्के आणि सात किलोमीटर. मी एकच घेतला. ऐंशी टक्के भरलेली बॅटरी चौदाच्या जागी अकरा किलोमीटर तरी जायला हवी. ती निम्मंच जात होती. हा हिशेब चौथीतलं पोर करील, आणि मी मीटरच्या तीन आकड्यांत एवढी रमले की तो केलाच नाही. गिऱ्हाईक बोलतं ते निम्मं ऐकायचं आणि मीटरचं पूर्ण, ही सवय आमच्या धंद्यात सगळ्यांनाच आहे. मलाही आहे.

दोन आठवड्यांनी काय झालं ते आजींनी सांगितलं. बोर्ड पूर्ण भरत नव्हता तोवर मुलगा जपून, कॉलनीतच चालवायचा. शंभर टक्के दिसायला लागल्यावर तो मित्रांबरोबर सुपर कॉरिडॉरच्या रुंद रस्त्यावर गेला. एका पुलाच्या उतारावर, रिमोटवर पन्नास टक्के दिसत असताना बोर्ड एकदम मेला. या बोर्डाला ब्रेकची वेगळी पट्टी नसते, मोटरच ब्रेक लावते. बीएमएसने बॅटरी तोडली की ब्रेकही गेला. हेल्मेट होतं, नाहीतर आजी कुठल्या आवाजात बोलल्या असत्या कोण जाणे.

"घरी चार्जिंगला लावला होता का?" मी विचारलं. नव्हता लावला. बरं झालं. तसाच उघडून मोजला. नऊ जोड्या ३.६८ ते ३.७०. सातवी ३.०६.

रजिस्टर काढलं. दोन आठवड्यांपूर्वी माझ्याच अक्षरात सातवी सगळ्यांच्या वर होती. आज सगळ्यांच्या खाली. नुसती जास्त भरलेली जोडी असती तर रिकामं होतानाही ती वरच राहिली असती. नऊ हंडे आणि एक कळशी ओळीने ठेवावी, प्रत्येकात एकाच मापाने पाणी घालावं आणि एकाच मापाने काढावं, तर भरताना कळशी आधी काठोकाठ होते आणि उपसताना तिचाच तळ आधी दिसतो. सातव्या जोडीत कळशीएवढीच जागा उरली होती. मी सगळ्यांना काठापर्यंत भरून दिलं होतं, पण कळशीचा हंडा काही झाला नव्हता. बोर्ड आधीही सातच किलोमीटर जात होता, माझ्या दुरुस्तीनंतरही सातच. बदलला होता फक्त रिमोटवरचा आकडा, कारण रिमोट एकूण व्होल्ट बघून टक्के सांगतो. ज्या खुणेमुळे मुलगा जपून होता, ती खूण मी पुसून दिली होती.

तरी खात्री हवी म्हणून पॅक भरला आणि गाडीच्या हेडलाइटचे तीन बल्ब एकापाठोपाठ जोडून त्यावर लावला. साडेचार अँपिअरचा हा लोड बाबांच्या काळापासून आमच्याकडे आहे. पाच अँपिअर-अवरचा पॅक तासाभराहून जास्त जळायला हवा. तेहेतिसाव्या मिनिटाला बल्ब विझले. सातवी जोडी तळाला, बाकीच्या निम्म्या भरलेल्या. अगदी निम्म्या म्हटल्यावर सेल म्हातारी झाल्याचा प्रश्नच नव्हता. दोनपैकी एक सेल कामावरच नव्हती.

निळी स्लीव्ह कापली, जाड इन्सुलेशन कागद उचलला. वरून सगळं चकचकीत. भिंग लावल्यावर स्पॉट वेल्डच्या ठिपक्यांच्या कडेला केसासारखी रेघ दिसली, एका बाजूने किंचित काळवंडलेली. नखाने उचललं तर सेल एकमेकींना जोडणारी निकेलची पट्टी पापणीसारखी उघडली. त्या सुट्या सेलवर मीटर लावला, ३.७९. शेजारची तेव्हा २.९ वर होती. पट्टी तुटली त्या दिवशी बॅटरी जेवढी भरलेली होती, तेवढीच ती सेल धरून बसली होती. तिच्या वाटचा भार शेजारणीने एकटीने ओढला, आणि जोडी म्हणून मोजताना मला कनेक्टरवर त्या शेजारणीचाच आकडा दिसत होता.

ही पट्टी तुटणारच होती. बोर्डाची फळी लवचीक, चाकांना स्प्रिंग नाही, आपल्या सिमेंटच्या रस्त्यांचा प्रत्येक सांधा आणि प्रत्येक स्पीडब्रेकर थेट पॅकमध्ये जातो. जिथे फळी वाकते तिथे मऊ तार द्यायची असते. बनवणाऱ्याने कडक पट्टी ठोकून दिली होती. एवढ्या महागड्या वस्तूत पाच-दहा रुपयांची तार वाचवलेली बघून मला फार संताप आला.

दोन्ही सेल काढल्या. एकटीने राबलेली पुन्हा वापरावी असं वाटेना. बाकीच्यांच्या क्षमतेशी जुळणाऱ्या दोन निवडल्या आणि वेल्ड करण्याआधी सगळ्यांच्या पातळीला आणल्या, कारण पाऊण-एक व्होल्टचा फरक असलेल्या सेल एकदम जोडल्या तर एकीतून दुसरीत इतका करंट धावतो की पट्टी लाल होते. जिथे फळी वाकते तिथे सगळीकडे सिलिकॉनच्या आवरणाची मऊ तार घातली. मग पुन्हा तेच तीन बल्ब. माझा मदतनीस घरी गेला, शटर अर्धं खाली ओढलं आणि मी घड्याळ घेऊन समोर बसले. बासष्ट मिनिटं जळले. दहाही जोड्या हातात हात घालून खाली आल्या.

आजी पैसे देत होत्या, मी घेतले नाहीत. काय झालं होतं आणि मी काय बघितलं नव्हतं, ते दोघांना बसवून सांगितलं. तुटलेली पट्टी मुलाला दाखवली. तो बराच वेळ ती नखाने वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "ताई, मी सात किलोमीटर म्हणालो होतो."

"म्हणाला होतास," मी म्हटलं.

निघताना आजींनी बोर्ड काखेत घेतला आणि विचारलं, "मग आता बिनधास्त चालवू दे ना याला?"

तो शब्द माझ्या तोंडून निघेना. "हेल्मेट घालून, आणि उतारावर नको," मी म्हणाले. "महिन्याने परत घेऊन या. दहाही जोड्या मोजून देते."