सोळा पानं कमी

परवा दुपारी वाचता वाचता मी बोटाला थुंकी लावली आणि पान उलटायला गेलो. हातात किंडल होतं. पडद्यावर ओला ठसा उमटला. तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, तर त्या पुसण्यालाच उलटणं समजून यंत्राने सात-आठ पानं भराभर पुढे नेली. मागे येताना मी नक्की कुठे होतो तेच सापडेना. कागदी पुस्तकात निदान ‘डावीकडचं पान, खालून तिसरी ओळ’ एवढं डोळ्यांना आठवतं. इथे डावं-उजवं नाही, आणि कोपऱ्यात पान क्रमांकाऐवजी ६३ टक्के. टक्के मला शाळेपासूनच आवडत नाहीत.

थुंकीची सवय आजोबांची. आजी ओरडायची, “अहो, किती जणांचे हात लागलेत त्याला!” ते नुसतं ‘हं’ म्हणायचे आणि पुढचं पान. त्यांच्या पुस्तकांचे खालचे कोपरे पिवळट आणि जुन्या कापडासारखे मऊ झालेले. समासात पेन्सिलीचे शेरे: ‘बरोबर’, ‘छट्!’, एके ठिकाणी ‘हा मूर्ख आहे’. लेखक की पात्र, ते मला अजून कळलेलं नाही. किंडलवरही रेघ मारता येते म्हणा, पण ती थरथरत नाही. शिवाय अधूनमधून दुसऱ्यांच्या रेघाही दिसतात, ठिपक्याठिपक्यांच्या. इतक्या इतक्या जणांना हे वाक्य आवडलं म्हणून. ती सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली. मला एकाच माणसाचे शेरे वाचायची सवय आहे.

आजोबांची एक जुनी रहस्यकादंबरी होती, अनुवादित. मी दहा वर्षांचा असताना सुट्टीत ती वाचायला घेतली. १७६व्या पानावर गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, दार लावून घेतो, म्हणतो, “खुनी याच खोलीत आहे”, आणि पुढे थेट मलपृष्ठ. मी पुस्तक उलटंपालटं करून झटकलं, पलंगाखाली शोधलं. आजोबा म्हणाले, “बाइंडरकडेच शेवटचा फॉर्म राहिला असणार. सोळा पानं. मी सांगतो ना, माझं वाचून झालंय.”

मग रोज रात्री थोडं थोडं करून त्यांनी ती सोळा पानं सांगितली. खुनी पोस्टमन होता. दिवाणखान्यात तो कसा आला, याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. पुस्तक मुळातच तसं आलेलं असताना त्यांनी शेवट वाचला कुठे, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

कागदाची सोळा पानं जातात. इकडे अख्खं पुस्तक जाऊ शकतं. २००९च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने लोकांच्या किंडलमधून ऑर्वेलचं ‘१९८४’ परस्पर काढून घेतलं. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणे. पैसे परत दिले, मागाहून माफीही मागितली. म्हणजे कोणी घरात शिरून कपाटातलं पुस्तक उचलावं आणि त्या जागी पैसे ठेवून जावं. तेही नेमकं लोकांवर पाळत ठेवणाऱ्या सरकारविषयीचंच पुस्तक!

तरी मी यंत्राला नावं ठेवणार नाही. शेवटच्या वर्षांत आजोबा भिंग धरून वाचत. एक ओळ संपली की भिंग खाली सरकवायचं, आणि तेवढ्यात ओळ हरवायची. एकदा मी किंडलवर अक्षरं सगळ्यात मोठी करून पाहिली. एका ओळीत तीनच शब्द मावले. बराच वेळ मी ती तशीच ठेवली. त्या पडद्यावर काळे-पांढरे कण हलतात तेवढीच वीज लागते; एरवी पान आपलं निमूट पडून असतं, माणूस वाचेपर्यंत.

आणि त्या कादंबरीचं मूळ इंग्रजी पुस्तक मला मिळालं तेही यंत्रामुळेच. १९७१ साली मायकेल हार्ट नावाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या संगणकात अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा टाइप करून ठेवला. तिथून हौशी लोक हक्क संपलेली पुस्तकं अशी चढवत गेले. त्यांतच हे एक होतं, फुकट, शेवटासकट. अर्ध्या मिनिटात उतरलं.

परवा थुंकी लावली ती याच पुस्तकाला. संध्याकाळपर्यंत संपवलं. खून पुतण्याने केलेला. पुरावे चोख, कुठे बोट ठेवायला जागा नाही. मग ‘पोस्टमन’ हा शब्द शोधला. अख्ख्या पुस्तकात एकच ठिकाण निघालं: तो येतो, पत्र देतो, जातो.

तो परिच्छेद मी पुन्हा वाचला. पत्र देताना तो जरासा रेंगाळतो, असं मला वाटलं.