एक मिनिट थांबायचं असतं

आमच्या उपकेंद्रातल्या तपासणीच्या खोलीला दार आहे, कडी नाही. कडी निघून दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी आतून प्लास्टिकची खुर्ची लावते आणि तिच्यावर वजनकाटा ठेवते. कुणी दार ढकललंच तर काटा खाली पडून आवाज होतो. आमच्याकडे आडोसा म्हणजे एवढाच.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराकडच्या एका गावात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. पदाचं नाव भारदस्त आहे, पण गावातल्या म्हाताऱ्या मला अजून ‘नवी नर्स’च म्हणतात. (खाली जिच्याबद्दल लिहिलंय तिची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत.) दसरा झाला की आमचं गाव ओस पडायला लागतं. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेऊन खर्चूनही झालेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मजुरीत एक कोयता. टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कर्नाटकात जातात, त्या उन्हाळ्यातच परततात. म्हणून त्या जायच्या आधी आमची धावपळ असते: हिमोग्लोबिन, बीपी, साखर, आणि तिशीच्या पुढच्या बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी.

ही तपासणी फार साधी आहे. आतलं दिसावं म्हणून तांबी बसवताना लावतात तोच चिमटा, स्पेक्युलम, लावायचा, गर्भपिशवीच्या तोंडावर पाच टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि दाट पांढरा डाग उठतो का ते बघायचं. ॲसेटिक ॲसिड म्हणजे आपलं व्हिनेगरच. वास तोच. त्या दिवशी बाहेर ओट्यावर बसलेली एक पोरगी म्हणाली, “मॅडम, आत चायनीजची गाडी लावली का?” सगळ्या खिदळल्या. मला बरं वाटलं, कारण तोवर ओट्यावर कुणी तोंडही उघडलं नव्हतं.

आमच्या आशा सेविकेच्या, आशाताईंच्या, यादीत एकतीस नावं होती, सगळी तिशीच्या पुढची. अकरा वाजेपर्यंत चार जणी टेबलावर आल्या. आल्या, झोपल्या, डोळ्यांवर पदर घेतला, उठून गेल्या. एकीनेही काही विचारलं नाही. विचारणाऱ्या सगळ्या ओट्यावर होत्या, आणि त्यांच्यातली एकही यादीत नव्हती. कुणी बावीसची, कुणी चोवीसची, कुणी सासूबरोबर आलेली, कुणी नुसती लेकराला डोस द्यायला.

“आमचं कामून नाही करत?”

मी सांगितलं, या कॅन्सरच्या मागे एक विषाणू असतो, एचपीव्ही. विशीत तो पुष्कळ जणींच्या अंगात येतो आणि बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपला आपण निघूनही जातो. ज्यांच्यात ठाण मांडून बसतो त्यांनाच पुढे धोका, आणि तिथून कॅन्सरपर्यंत जायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. विशीत बघायला गेलं तर जे आपोआप बरं होणार आहे तेच दिसतं, आणि दिसलं की कुणीतरी त्याच्यावर इलाज करायला धावतं.

“पण तो येतो कुठनं?”

इथे मी शब्द तोलते. आदल्या वर्षी एका बैठकीत मी सरळ ‘संबंधातून’ म्हणून मोकळी झाले होते, आणि त्या रात्री एका घरात भांडण पेटलं. नवरा म्हणे, तू कुठे गेली होतीस. बायको म्हणे, तू. आता मी पूर्ण सांगते. यायची वाट तीच आहे, पण कधी आला आणि कुणाकडून आला हे कुणीच सांगू शकत नाही. वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो. तो सापडला म्हणजे कुणाचं काही लफडं आहे असं होत नाही. हे ऐकताना दोघी-तिघी जमिनीकडे बघत होत्या.

कॉलेजला जाणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी मावशीबरोबर आली होती. तिला लसीचं विचारायचं होतं, पण मावशीसमोर नाही. मावशीला बीपीला बसवलं, तेव्हा ती बोलली. लस घ्यायला लग्न व्हावं लागतं का? नाही, उलट आधी घेतलेली जास्त चांगली. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली. कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे चौदापर्यंत तिचे दोन डोस असतात, पंधरापासून तीन. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही, कारण या विषाणूच्या जाती पुष्कळ आहेत आणि लस सगळ्यांवर चालत नाही. “आईला काय सांगू?” हा तिचा शेवटचा प्रश्न. त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आईला इकडे घेऊन ये.

मग ओट्याच्या कडेला बसलेली एक बाई, तोवर एक शब्द न बोललेली, म्हणाली, “पांढरा डाग निघाला की पिशवी काढायची ना?”

खालच्या आवाजात विचारलं होतं, तरी सगळ्या गप्प झाल्या.

बाहेरच्या वाचकाला हा प्रश्न कुठून आला ते कळायचं नाही. आमच्या जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी पाहणी झाली होती. ८२ हजारांवर ऊसतोड बायकांना विचारलं, त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पुष्कळशा ऐन तरुण वयातल्या. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, पाळीच्या दिवसांत कामाला खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग कुणीतरी म्हणतं, दोन लेकरं झालीत, आता पिशवी काय कामाची, ठेवलीस तर कॅन्सर होईल. ‘कॅन्सर होईल’ या दोन शब्दांवर आमच्याकडे किती ऑपरेशनं झाली असतील कोण जाणे. आणि मी तिथे बसून तेच दोन शब्द उच्चारत होते. माझ्या तोंडून ते त्यांना वेगळे का वाटावेत?

मी सांगितलं, डाग निघाला तर बहुतेक वेळा तेवढाच डाग गोठवतात किंवा उष्णतेने जाळतात. पिशवी जागेवर राहते. दिवस राहायलाही सहसा अडचण येत नाही. त्यांचा विश्वास बसला असेल असं नाही. पण ती बाई उठून गेली नाही.

बाराला वीज गेली.

आमचा तपासणीचा दिवा विजेवरचा. टेबलावर बत्तीस वर्षांची एक बाई, स्पेक्युलम हातात. मी सवयीने खिशातला मोबाईल काढला आणि टॉर्च लावला. तिने फाटकन गुडघे मिटले.

“मॅडम, फोटू काढायलात का?”

नाही नाही, फक्त उजेड, असं मी म्हणेपर्यंत ती उठून साडी सारखी करत होती. मला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. तिथे झोपून बघितलं तर काय दिसतं? दोन पायांच्या मधे कॅमेऱ्याचा डोळा. मोबाईलमधून काय काय गावभर फिरतं हे तिला माझ्याहून जास्त माहीत. ती बाहेर गेली आणि पाच मिनिटांत ओट्यावर खबर पोचली. तिघी घरी निघून गेल्या. त्या तिघी त्या वर्षी परत आल्याच नाहीत, आणि ते माझ्यामुळे.

आशाताईंनी तोड काढली. त्यांच्या दिराकडे डोक्याला बांधायचा टॉर्च होता. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची असते, तेव्हा दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाताना सगळे तोच बांधतात. तो आला. मी डोक्याला पट्टा आवळला. उजेड झकास, दोन्ही हात मोकळे. मला तसं बघून बाहेर पुन्हा हसू फुटलं, आणि दुपारी सात जणींची तपासणी झाली. पुढे मी स्वतःच्या पैशाने तसा टॉर्च घेतला. वीज असली तरी तोच वापरते.

साडेतीनला मी हात धूत होते तेव्हा ती दाराशी आली. पिशवी काढण्याचं विचारणारी तीच. वय चोवीस, लग्न सतराव्या वर्षी, दोन लेकरं. आशाताई म्हणाल्या, “मॅडम, ही यादीत न्हाई.”

“मला म्हायती,” ती म्हणाली. “पण मला नवऱ्याजवळ गेलं की डाग पडतो.”

सकाळी साडेनऊपासून ती हे वाक्य घेऊन बसली होती. आणि मी सकाळभर ओट्यावर सांगत होते की तुमचं वय नाही, तुम्हाला लागत नाही! तपासणीचं वय असतं ते काही त्रास नसलेल्यांसाठी. ज्या बाईला संबंधानंतर रक्त जातं, मधेच डाग पडतो, घाण वासाचं पाणी जातं, तिला वयाची यादी लागूच नाही. तिला बघायलाच हवं, वीस असो की साठ. हे मला पाठ आहे. त्या सकाळी मी ते एकदाही बोलले नाही.

खुर्ची लावली, वर काटा ठेवला. ती झोपली. पिशवीचं तोंड लालबुंद होतं आणि कापूस टेकवताच रक्त आलं. हळूच पुसून व्हिनेगर लावलं, घड्याळाकडे बघितलं.

ते एक मिनिट फार लांब असतं. मी काही करत नसते, तिला काही करायचं नसतं, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत नसते. पुष्कळ जणी याच मिनिटात बोलतात. ती छताकडे बघत म्हणाली, तालुक्याच्या गावात एका खाजगी दवाखान्यात दाखवलंय. सोनोग्राफी झाली. पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. पस्तीस हजार सांगितलेत. मुकादम उचलीत धरून द्यायला तयार आहे. नवरा वाईट नाही, मॅडम, तो भ्यालाय. सासूची तिशीतच काढली होती. तिचं अंग तेव्हापासून दुखतंय, तरी ती म्हणते, काढून टाक, मोकळी हो.

“आणि तुला?”

“मला भ्या वाटतंय. दोन्हीकडनं.”

मिनिट झालं. लाली बहुतेक आतल्या नाजूक अस्तराची होती, ते तरुण वयात बाहेर दिसतं आणि सहज रक्त सोडतं. यालाच सगळीकडे ‘जखम’ म्हणतात. पण वरच्या अंगाला एक फिकट पांढरी रेघ होती. दाट नाही, कडा धड नाही. आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही.

प्रशिक्षणात आम्हाला शेजारच्या धाराशिवचं उदाहरण दिलं होतं. १९९९ मध्ये तिथे मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा त्यात होते. ५२ गावगटांतल्या १ लाख ३१ हजारांवर बायका, तीस ते एकोणसाठ वयाच्या. ज्या गटाची एकदाच एचपीव्हीची चाचणी झाली त्याच्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. जगभर त्याचा दाखला देतात. प्रशिक्षणात कुणी मोठ्याने सांगत नाही ते हे, की त्याच अभ्यासात व्हिनेगरवाल्या गटात तेवढा फरक दिसला नव्हता. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दुसऱ्या अभ्यासात व्हिनेगरनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे पद्धत टाकाऊ नाही, पण ती बघणाऱ्याच्या डोळ्यावर चालते. आणि त्या दिवशीचा डोळा माझा होता, शेतातल्या टॉर्चच्या उजेडातला.

मी तिला खरं ते सांगितलं. मला जे दिसतंय ते नक्की कॅन्सर वाटत नाही, पण मी खात्री देऊ शकत नाही. दुर्बिणीतून बघून कणभर तुकडा तपासायला हवा. त्याला पिशवी काढावी लागत नाही. आणि तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत कुणालाही पिशवीला हात लावू देऊ नकोस.

“टोळी शुक्रवारी निघायलीय.”

म्हणजे मधे दोन दिवस. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन केला, चिठ्ठी लिहिली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने आशाताई तिला अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला घेऊन गेल्या. दिवसभर रांगेत थांबल्या, संध्याकाळी परतल्या. तुकडा घेतला होता, जंतुसंसर्गाच्या गोळ्या दिल्या होत्या. शुक्रवारी ती ट्रॅक्टरवर बसून गेली.

रिपोर्ट सोळाव्या दिवशी माझ्या हातात आला. जुनाट सूज. कॅन्सर नाही, त्याची पूर्वलक्षणंही नाहीत.

तिच्याकडे स्वतःचा फोन नाही. नवऱ्याला लावला. त्याने स्पीकरवर टाकला, मागे ट्रॉली भरत असल्याचा कालवा. मी म्हटलं, तिच्या हातात द्या जरा. ती लांब जाताना पायाखाली पाचट वाजल्याचं ऐकू येत होतं. मी रिपोर्ट वाचून दाखवला, मग साध्या मराठीत सांगितला. गोळ्या पूर्ण कर, दोघांनीही घ्यायच्यात, त्यालाही सांग. डाग थांबला नाही तर तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखव. परत आलीस की पुन्हा बघू.

ती बराच वेळ काही बोलली नाही. फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

“हाय मी,” ती म्हणाली. “मॅडम, ते पस्तीस हजार मुकादमाकडनं अजून घेतले न्हाईत. आता घ्यायचेच न्हाईत ना?”

“नाही घ्यायचे.”

“मग ते फेडायचेबी न्हाईत.”

“नाहीत.”

“बरं. ठिवते. ट्रॉली भरायचीय.”