वही की पुस्तक?

"आत लिहायची पानं आहेत ना? मग ही वही झाली. वही बुक पोस्टानं जात नाही."

"पुस्तकच आहे हो. पहिली अठरा पानं सगळा मजकूर आहे."

"आणि पुढची?"

"पुढे गिरवायचं."

"मग वहीच की ताई."

नोव्हेंबर २०२४ मध्ये टपाल कार्यालयाच्या खिडकीवर हा संवाद झाला, तेव्हा माझ्या हातात मी तयार केलेल्या कित्त्याची घरच्या प्रिंटरवर काढून दोऱ्याने शिवलेली एकुलती एक प्रत होती. मागे रांग वाढत होती आणि तो छापून लोकांना पाठवायचं माझं सगळं अंदाजपत्रक बुक पोस्टाच्या स्वस्त दरावर उभं होतं. प्रतीमागे टपाल चाळीस रुपये, असं मी पेन्सिलीने नव्हे, पेनाने लिहून ठेवलं होतं. साताऱ्यात एका पतसंस्थेच्या हिशोब विभागात एकोणीस वर्षं काढलेल्या बाईने असं करू नये.

कित्ता मोडीचा, म्हणजे मराठी लिहायच्या जुन्या लिपीचा. सासऱ्यांच्या ट्रंकेत एक खरेदीखत सापडलं, ते घरात कुणालाच वाचता येईना, म्हणून मी सहा वर्षांपूर्वी मोडीच्या वर्गाला गेले. खरेदीखत आठ महिन्यांत वाचून झालं (अडीच गुंठ्यांचं निघालं, आणि ती जमीनही कधीच विकलेली), पण बोरू (काडी तासून केलेली लेखणी) काही हातातून सुटला नाही. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षरं तिला खालून लटकवत जायची. ह्रस्व-दीर्घाचा जाच नाही. हात शक्य तितका कमी उचलायचा. दिवसभर आकड्यांचे रकाने जुळवून घरी आल्यावर हे म्हणजे मला पोहण्यासारखं वाटायचं.

वाचायला शिकवणारी पुस्तकं माझ्याकडे चार जमली होती. पण हात कुठून सुरू करायचा, कुठे वळायचा, कुठे दाबायचा, हे बाण काढून दाखवणारं, टेबलावर सपाट उघडं राहणारं आणि शाईने लिहिलं तरी न फुटणारं असं काहीतरी मला हवं होतं. मोडी २०१४ साली युनिकोडमध्ये आली, तिचे फाँटही मिळतात. पण फाँटमधलं अक्षर गिरवून हात बसत नाही. म्हणून सगळी अक्षरं बोरूने लिहिली. चौदा महिने लागले. बहात्तर पानं.

छापायला दोनशे प्रती धरल्या. त्याहून कमी घेतल्या तर छापणाऱ्याचा दर अंगावर येत होता. एका प्रतीला छपाई १८५ रुपये आणि वायरो बाइंडिंग (कडेला तारेची वेटोळी) २८. वायरो नको, साधं चिकटवून दे म्हटलं असतं तर स्वस्तात झालं असतं, पण चिकटवलेली वही सपाट उघडत नाही आणि बोरू धरलेल्या हाताला मधला फुगवटा नडतो. म्हणजे नुसते छापायचेच ४२,६००. वर खोकी, टपाल, नमुना प्रती. साठ हजारांचा आकडा ठरला. घरात तेवढे पैसे होते, खोटं कशाला बोलू? पण लेकीचं बारावीचं वर्ष होतं आणि त्या पैशांवर तिच्या नावाची चिठ्ठी आधीच लागलेली होती.

"क्राउडफंडिंग कर ना, लोकांकडून आधीच पैसे जमव," लेकच म्हणाली. किकस्टार्टर या त्यासाठीच्या परदेशी संकेतस्थळावर भारतातून मोहीम उभी करता येत नाही, हे तिनेच पाहून सांगितलं. आपल्याकडच्या मोठ्या संकेतस्थळांवर गेले तर तिथे पानोपानी आजारी मुलं आणि शस्त्रक्रियांचे खर्च. त्या रांगेत माझा कित्ता घेऊन उभं राहायची लाज वाटली. शेवटी एक गूगल फॉर्म, एक यूपीआयचा क्यूआर कोड आणि तीस दिवसांची मुदत, एवढ्यावर आम्ही भागवलं. साठ हजार झाले नाहीत तर सगळ्यांचे पैसे परत, असं ठळक अक्षरात लिहिलं.

लाजेचं मात्र लांबलं. दिवसभर मी लोकांच्या ठेवी मोजते, थकलेल्या कर्जदारांना फोन करते, तिथे जीभ कधी अडत नाही. पण स्वतःच्या छंदासाठी "चारशे रुपये द्या" असा निरोप टाइप केला आणि दोन दिवस पाठवलाच नाही. हात पसरल्यासारखं वाटत होतं. सासूबाईंनी तो निरोप वाचून घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही वर्गणीच की. यात लाजायचं काय? पावती फाडतेस ना?" त्यांचं माहेर तळेगाव दाभाड्याचं. लोकांनी एकेक पैसा दिला आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली गावात काचेचा कारखाना उभा राहिला, हे त्या घरातली गोष्ट असावी तसं सांगतात. मग मलाही आठवलं, की आपल्याकडे निम्मी जाडजूड पुस्तकं प्रकाशनपूर्व सवलतीवरच निघत आली. आधी पैसे भरा, पुस्तक पुढच्या गुढीपाडव्याला. तो पाडवा कधीकधी दोन वर्षांनी यायचा, ते सोडा.

१ डिसेंबरला सुरुवात केली. तीन प्रकार ठेवले होते: १५० रुपयांत मुळाक्षरांची छापून घेता येणारी पानं, ४०० रुपयांत टपालासह कित्ता, आणि ७५० रुपयांत कित्त्याबरोबर मी स्वतः तासलेला बोरू आणि शाईची पूड. लेकीने एक सुंदर व्हिडिओ केला. खिडकीतलं ऊन, पितळी दौत, मागे बासरी. फेसबुकवर त्याला अकराशेच्या वर लाइक आले. त्यातून नोंदणी किती? नऊ. उलट मोडीच्या वर्गातल्या आमच्या बासष्ट जणांच्या व्हॉट्सॲप गटातून पहिल्या चार दिवसांत अडतीस जणांनी पैसे भरले. त्यांना बासरी नको होती. "वायरो आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

एक गंमत झाली ती रोमन लिपीमुळे. घाईत मी एका गटात इंग्रजी अक्षरांत निरोप टाकला, आणि त्या अक्षरांत मोडी आणि मोदी यांत काडीचा फरक नाही. दोघांनी विचारलं, ही पक्षाला देणगी आहे का? एकाने गटच सोडला. त्यानंतर एकूण एक निरोप देवनागरीत.

दुसरा आठवडा कोरडा गेला. पाच दिवसांत तीन नोंदी, त्यातली एक माझ्या भावाची. त्याच आठवड्यात छापणाऱ्याकडून पहिली नमुना प्रत आली. मी हौसेने बोरू बुडवला, पहिलं अक्षर काढलं, आणि अक्षराला मिशा फुटल्या. शाई कागदाच्या धाग्याधाग्यातून पसरली, मागच्या पानावर उतरली. मी १०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम भरणारा कागद सांगितला होता, पण नुसत्या वजनावर काही नसतं. कागदाचा पृष्ठभाग किती शाई पितो, त्यावर सगळं. छापणारा म्हणाला, "मॅडम, बॉलपेननं लिहून बघा, एक नंबर चालतंय." चालणारच. नमुन्यांवर १,४५० रुपये गेले तेव्हा चौथा कागद जमला, आणि नशिबाने तो त्याच दरात बसला.

त्या रात्री वैतागून मी फुटलेल्या अक्षराचाच व्हिडिओ काढला. बासरी नाही, ऊन नाही, ट्यूबलाइटचा उजेड आणि बोरूची करकर. खाली वहीच्या पानावर खर्च लिहून त्याचा फोटो जोडला. छपाई इतकी, वायरो इतका, खोकी इतकी, नमुने वाया गेले इतके, माझ्या कामाचे शून्य. आमच्या पेठेतलं गणेश मंडळ विसर्जनानंतर फळ्यावर जमाखर्च लावतं, अगदी तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत अकरा नोंदी होत्या. ते पान हजार वेळा पाठवलं गेलं वगैरे काही नाही. पण ज्यांनी आधी निरोप वाचून सोडून दिला होता, तेच परत आले. एका काकांनी लिहिलं, "आता कळलं पैसे कशाला पाहिजेत." मी दोन आठवडे त्यांना मोडीचं सौंदर्य सांगत होते.

आणि माझी जीभही त्याच दिवशी सुटली. पैसे मागायचे नव्हतेच, हिशोब दाखवायचा होता. ते तर मला येतं.

आता यूपीआयची रडकथा. फॉर्मवर नाव एकाचं, पैसे नवऱ्याच्या खात्यातून, पत्ता माहेरचा. एकतीस रकमा अशा होत्या की कुणाच्या तेच लागेना. पतसंस्थेत मी दुसऱ्या कुणाला हे करू दिलं नसतं. पुढच्या वेळी प्रत्येकाला नोंद क्रमांक देईन आणि तोच पैसे पाठवताना शेऱ्यात लिहायला लावीन. त्यातच लोकांची आहेराच्या पाकिटाची सवय. ४०० च्या जागी ४०१, कुणी ४५१, कुणी थेट ५०१. सुरुवातीला मी एकेकाला फोन करून विचारलं, वरचे परत करू का? एक आजी रागावल्याच: "गोल आकडा देतात का कधी शुभकार्याला?" मग त्या रकमांसाठी वेगळा रकाना केला आणि त्याला 'वरचे' असं नाव दिलं.

साठ हजार पार झाले ते एकोणतिसाव्या दिवशी, रात्री सव्वानऊला, आमटीला फोडणी देताना. १५० वाले एकोणीस, ४०० वाले सत्त्याण्णव, ७५० वाले चोवीस, आणि 'वरचे' २,१६३. एकूण ६१,८१३ रुपये.

चोवीस! ७५० चे चार-पाच जण घेतील असं धरलं होतं. जानेवारीचे तीन रविवार गच्चीत बोरू तासण्यात गेले. काडी पक्की वाळलेली लागते, तिरपा काप एका झटक्यात घ्यावा लागतो, नाहीतर टोक भुसभुशीत होतं आणि मधली चीर वाकडी जाते. चोवीस चांगले निघायला एकेचाळीस काड्या आणि डाव्या अंगठ्याला दोन पट्ट्या लागल्या. पुन्हा मोहीम केली तर हाताने करायच्या वस्तूवर आधीच संख्या बांधीन. दहा म्हणजे दहा.

आणि टपाल. वही की पुस्तक या वादाचा निकाल टपाल खात्याने स्वतःच लावला. मोहीम चालू असताना डिसेंबरात बुक पोस्टच बंद झालं. खिडकीतल्या त्याच गृहस्थांनी ते मला सांगितलं, आणि माझा चेहरा पाहून स्वतःहून म्हणाले, "स्पीड पोस्टला वही चालते हं." खोक्यासकट वजन ३४० ग्रॅम, प्रतीला सरासरी ६८ रुपये पडले. साताऱ्यातल्या तेवीस प्रती मी स्कूटरवरून पोचवल्या, तरी अठ्ठ्याण्णव पाठवाव्या लागल्याच. चाळीसच्या हिशोबाने २,७४४ रुपयांचा खड्डा. त्यातले २,१६३ त्या 'वरच्या' रुपयांनी भरले. गोल आकडे देणारी माणसं असती तर शेवटी शिल्लक तेवढ्याने कमी पडली असती.

(वही-पुस्तकाचा प्रश्न करातही होताच. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, वह्यांना तेव्हा १२ टक्के होता. माझी उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या जवळपासही नसल्याने तो मला भिडला नाही, पण आमच्या सीएंनी कित्ता उलटसुलट करून पाहत अर्धा तास आनंदात घालवला.)

फेब्रुवारीत जमाखर्च लावला. छपाई आणि बाइंडिंग ४२,६००, नमुने १,४५०, खोकी २,१००, बोरू-शाई ३,८४०, टपाल ६,६६४, पत्ता चुकून परत आलेल्या तीन प्रती पुन्हा पाठवल्या त्याचे २०४. शिल्लक ४,९५५ रुपये आणि त्र्याहत्तर प्रती. सहा प्रतींत पानं उलटी लागली होती, त्या बदलून दिल्यावर उरलेल्या या. एका बाईंनी विचारलं, चौदा महिन्यांचं तुमचं मानधन कुठल्या रकान्यात आहे? मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. नवरा म्हणाला, त्र्याहत्तर प्रती हेच मानधन. त्या सध्या त्याच्याच कपाटात आहेत, म्हणून असेल.

मार्चमध्ये रत्नागिरीहून फोन आला. आवाज थकलेला पण करडा. वय सत्त्याऐंशी, शाळेत मोडी शिकलेले.

"बाई, पान एकतीस काढा. 'घ'चे बाण बघा."

काढलं. बाणांवरचे १ आणि २ हे आकडे उलटे पडले होते. चौदा महिन्यांत माझ्या लक्षात आलं नाही, तपासणाऱ्या दोघांच्या नाही, एकशे एकवीस जणांपैकीही दुसऱ्या कुणाच्या नाही.

"तुमचा 'घ' शेपटाकडून चालतोय," ते म्हणाले. "बाकी ठीक आहे. कागद चांगला घेतलात."

त्या रविवारी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या घरीच छापल्या, कापल्या, पाकिटात घातल्या. स्थानिक तेवीस हातोहात देता आल्या. बाकी अठ्ठ्याण्णव पाकिटांना पाच-पाच रुपयांची तिकिटं, ४९० रुपये. जमाखर्चाच्या पानावर शेवटची ओळ वाढवली आणि शिल्लक खोडून ४,४६५ केली.