पाचट, पहार आणि रात्रीची लाईट

शेती आणि हवामान असा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "शेतीतून वायू निघतात, हवा तापते, हे मान्य. मग आम्ही पिकवायचं कमी करायचं का? लोकांनी खायचं काय?" परवा दूध घालायला गेले तेव्हा डेअरीवरही हाच प्रश्न आला. त्याचं उत्तर माझ्या शेतापुरतं सांगते. सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे आणि दारात दोन म्हशी.

पिकवायचं कमी करा, असं मी कुणाला सांगणार नाही. पण माझ्या रानातून वर जाणाऱ्या वायूंमध्ये मोठा वाटा आहे तो मी पैसे मोजून आणलेल्या आणि पिकाच्या तोंडी न पडलेल्या खताचा. ते वाचलं तर उसाचं एक कांडंही कमी होत नाही.

युरियाचं 45 किलोचं पोतं 266 रुपये 50 पैशांना मिळतं. इतकं स्वस्त, म्हणून एखादं पोतं जास्त पडलं तर कुणाला काही वाटत नाही. त्यात नत्र, म्हणजे नायट्रोजन, असतं साधारण 20 किलो. ते सरीत फेकायचं आणि मागून पाटाचं पाणी सोडायचं, ही आमच्याकडची रीत. काही नत्र अमोनिया होऊन उडतं, काही पाण्याबरोबर मुळांच्या खाली जातं. आणि सरी तुंबली, मातीत हवा उरली नाही, की जिवाणू त्याच नत्रापासून नायट्रस ऑक्साइड तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट ऊब धरतो. दिलेल्या नत्रातलं साधारण 1 टक्का या रूपात जातं, असा जगभरात वापरला जाणारा ठोकताळा आहे. हेक्टरी 250 किलो नत्र दिलं, तर भार होतो जवळपास 1 टन कार्बन डायऑक्साइडइतका. ना धूर दिसतो, ना वास येतो, म्हणून कुणाला पटत नाही.

खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, आता आम्ही पहारीनं खत देतो. बुडख्यापासून वीतभर लांब पहार रोवायची, वीतभरच खोल भोक पाडायचं, त्यात खत सोडायचं आणि टाचेनं माती दाबून बुजवायचं. फूटभर पुढं पुन्हा तेच. पहिला हप्ता तोडणीनंतर पंधरा दिवसांत, दुसरा साडेचार महिन्यांनी, सरीच्या दुसऱ्या अंगाला. कृषी विद्यापीठाची ही जुनीच शिफारस आहे. मजुरी लागते, कंबर भरून येते. पण खत मुळाशी पडतं, वर उघडं राहत नाही, आणि पोती कमी लागतात.

पाचटाचंही, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचंही, तसंच. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. ऊसतोडीची टोळी रानाबाहेर पडली की संध्याकाळी काडी लावायची, हे मी लहानपणापासून पाहिलं. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडायची. धुरातला कार्बन डायऑक्साइड पुढचा ऊस वाढताना परत ओढून घेतो हे खरं; पण धुरात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही असतात, आणि मातीत मुरायचं ते सेंद्रिय द्रव्य जळून जातं. आम्ही आधी दहा गुंठ्यांत पाचट ठेवून पाहिलं. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबलं, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकलं. पहिल्या वर्षी पाणी पुढं सरकेना, उंदीर झाले, घरातले वैतागले. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात मी पाचटाचा थर हातानं उचलला. खाली माती ओलसर, पांढऱ्या बुरशीचे धागे पसरलेले, आणि गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या. शेजारच्या जाळलेल्या रानात त्याच दिवशी भेगा पडल्या होत्या.

सगळीकडं इतकं सोपं नाही. म्हैस रवंथ करते आणि ढेकरेतून मिथेन बाहेर टाकते. ते बंद करता येत नाही. पण चारा निकृष्ट असला की दूध कमी निघतं आणि दर लिटरमागं मिथेन जास्त पडतो. म्हणून ओला चारा, थोडी पेंड, वेळेवर रेतन. देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा 2020 साली 14 टक्क्यांच्या आसपास होता, आणि त्यात जनावरं सगळ्यात पुढं. तरी तीन लिटर दूध देणारी एकुलती एक म्हैस विक, असं एखाद्या बाईला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. भातखाचरात पाणी साचून राहिलं की मिथेन तयार होतो. तिथं नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी चिखलणी आणि लावणी टाळून गादीवाफ्यावर, म्हणजे पाणी साचणार नाही अशा उंच वाफ्यावर, भात टोकण्याची सगुणा पद्धत रुजवली आहे. अन्न पिकतंच आहे.

आता जे डेअरीवर बोलता बोलता राहून गेलं ते सांगते. आमच्या सऱ्या तुंबतात कशामुळं? मोटारीला लाईट कित्येक आठवडे रात्रीचीच असते. रात्री दोनला दारं धरायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, अंधारात, सापाच्या भीतीनं कोण उभं राहणार? माणूस मोटार चालू करून घरी येतो, आणि पहाटेपर्यंत पाणी खताच्या डोक्यावरून वाहत राहतं. कृष्णाकाठची किती रानं अशीच पाणथळ आणि क्षारपड, म्हणजे खारवट, झाली. आम्ही काय बदलायचं, हे विचारणाऱ्यांनी दिवसा लाईट मिळावी म्हणूनही आमच्याबरोबर बोलावं. ती मिळाली, तर शेवटच्या सरीला पाणी पोचलं की मी स्वतः जाऊन मोटार बंद करीन.