सांगलीहून सावनेरच्या भूमिगत कोळसा खाणीत

आमच्या सांगली भागात विहीर खणताना काळा पाषाण लागतो, कोळसा कधीच लागत नाही. त्यामुळे पदविकेच्या १८ विद्यार्थ्यांना भूमिगत खाण दाखवायची तर विदर्भ गाठणे भागच होते. महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूरला पोहोचायला जवळपास अख्खा दिवस जातो. म्हणून रात्री नागपुरात मुक्काम करावा आणि सकाळी ताज्या अंगाने सावनेरला निघावे. खाणीची परवानगी मात्र बरीच आधी हातात हवी.

खाणीच्या तोंडाशी असलेल्या लॅम्प रूममध्ये कॅपलॅम्प (टोपीवरचा दिवा) आणि सेल्फ रेस्क्युअर (विषारी वायूत श्वास घेता यावा म्हणून जवळ बाळगायचे साधन) मिळाला. मोबाइल व काडेपेटी वरच जमा करावी लागते, कारण हवेत मिथेन ५ ते १५ टक्के असला की एक ठिणगीही स्फोटाला पुरते.

आत गेल्यावर ओव्हरमनसाहेबांनी (पाळीतल्या कामावर देखरेख करणारे अधिकारी) लांब सळईने छत ठोकून दाखवले. पक्क्या छताचा आवाज खणखणीत येतो. सुटू पाहणारा थर मात्र बद्द वाजतो. विहिरीच्या पाषाणाला आधार लागत नाही हे पाहत वाढलेली आमची मुले प्रत्येक रूफ बोल्टला (छताचे थर बांधून ठेवणाऱ्या सळईला) हात लावून बघत होती.

येथे बोर्ड अँड पिलर पद्धतीने काम चालते. आडव्याउभ्या गॅलऱ्या काढून मधले कोळशाचे खांब छतासाठी राखतात. सुरुंगाने फोडलेला कोळसा एसडीएल (साइड डिस्चार्ज लोडर) हे भरणी यंत्र उचलते. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मग खांबांतला कोळसा वायाच जातो का?" आम्ही तिथेच हिशेब केला. समजा, खांबांच्या मध्यांतले अंतर २४ मीटर आणि गॅलरी ४ मीटर रुंद आहे. तर ५७६ चौरस मीटरपैकी ४०० खांबातच राहतात, म्हणजे पहिल्या टप्प्यात जेमतेम ३१ टक्के कोळसा हाती येतो. उरलेल्यासाठी डिपिलरिंग करतात: टोकाकडून मागे सरकत खांब कापायचे आणि गोफात, म्हणजे कोळसा काढून रिकाम्या झालेल्या जागेत, छत कोसळू द्यायचे. वर गाव, रस्ता किंवा नदी असेल तर जमीन खचू नये म्हणून पोकळीत वाळू भरावी लागते, नाहीतर खांब तसेच सोडावे लागतात. माझ्या मते हा हिशेब समजण्यासाठी एवढा प्रवास सार्थ आहे. तो वर्गात फळ्यावर कितीही मांडला तरी खांबाशेजारी उभे राहिल्याखेरीज पटत नाही.

जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे सुती कपडे व घट्ट बूट घालावेत आणि मोज्यांचा जादा जोड जवळ ठेवावा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी वरच थांबावे, कारण परतीची चढण दमवते. कागद-पेन्सिल मात्र जरूर न्यावी.