काळा दगड काळाच दिसावा म्हणून

आम्हा नऊ मित्रमैत्रिणींचा छायाचित्रणाचा उपक्रम दिवाळीनंतर सुरू झाला. दर आठवड्याला कोल्हापुरातली किंवा आसपासची एक जागा ठरवायची, प्रत्येकाने तिथे एकाच चौकटीची तीन छायाचित्रे घ्यायची, एक कॅमेऱ्यातले प्रकाश मोजणारे मीटर सांगेल तसे, दुसरे एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या प्रकाशात, आणि तिसरे एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाशात, आणि रविवारी ती तिन्ही चित्रे शटर, अ‍ॅपर्चर व आयएसओ या चित्राचा उजळपणा ठरवणाऱ्या तीन मापांच्या आकड्यांसह, कोणतीही दुरुस्ती न करता सर्वांपुढे ठेवायची, एवढाच नियम होता. क्रमांक काढायचे नाहीत हे मी आग्रहाने ठरवून घेतले. क्रमांक आला की माणूस फसलेली चित्रे लपवतो, आणि आम्हाला शिकायचे होते ते त्यांच्यापासूनच.

पहिली जागा होती १८८४ साली पूर्ण झालेला न्यू पॅलेस. त्याचा काळा दगड जवळून, चौकट भरून टिपला, तर मीटरप्रमाणे घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक चित्रात तो फिकट राखाडी आला. समोर काय आहे हे मीटरला कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणारे आहे, असे ते गृहीत धरते. त्यामुळे काळ्याला ते उजळवते आणि पांढऱ्याला मळकट करते. एक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच प्रकाश आत घेतल्यावर दगड पुन्हा काळा झाला.

रंकाळ्याच्या सूर्यास्ताला फार वेळ लागला नाही. आकाशावर मीटर धरले की संध्यामठ ही तिथली जुनी दगडी वास्तू आपोआप छायाकृती होते.

खरी कसोटी लागली ती गुऱ्हाळात. आत अंधार, काहिलीवर उसळणारी पांढरी वाफ, पत्र्याच्या फटीतून तिच्यावर पडलेला उन्हाचा पट्टा आणि खाली चुलवाणात चिपाड सारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जाळाचा उजेड, असे सगळे एकाच चौकटीत होते. संपूर्ण चौकटीचे मोजमाप केले तेव्हा अंधारामुळे मीटरने जास्त प्रकाश मागितला आणि वाफेचा कोरा पांढरा डाग झाला. हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, उजव्या म्हणजे पांढऱ्या कडेला जाऊन भिडला होता. कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची क्षमता संपल्यावर तिथला तपशील नोंदलाच जात नाही, त्यामुळे तो नंतरही परत मिळवता येत नाही. सावलीतला तपशील मात्र, थोडा दाणेदार होऊन का होईना, पुष्कळदा वर काढता येतो. आमच्यातल्या एकीने चौकटीतला छोटासा भागच मोजणारे स्पॉट मीटर नेमके वाफेवर धरले. वाफ राखाडी आली, म्हणून तिने त्यावर दीड स्टॉप वाढवला, तेव्हा वाफेची वेटोळी दिसू लागली आणि चेहराही अंधारातून उमटला. मोबाइलवाल्यांनी पडद्यावर वाफेला स्पर्श करून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायच्या प्रकाशाचे प्रमाण, लॉक केले आणि बोट किंचित वर सरकवून जवळपास तेच साधले.

त्या रविवारी आम्ही दोन तास याच चित्रांवर बोललो. काहींना वाफ महत्त्वाची वाटली, काहींना चेहरा, आणि दोन्हींसाठी योग्य एक्स्पोजर वेगवेगळे होते. माझे मत चेहऱ्याच्या बाजूने होते आणि अजूनही आहे.

पुढची जागा एक जुनी तालीम आहे. हौद्यातली तांबडी माती आणि दारातून येणारा तिरपा उजेड टिपायचा आहे. वस्तादांनी पहाटेच्या मेहनतीच्या वेळी येण्याची परवानगी दिली आहे. फ्लॅश वापरायचा नाही, एवढीच त्यांची अट आहे.